पदवी स्वस्त, वाट पाहणं महाग

महाराष्ट्रात राजूर नावाची गावं बरीच आहेत. अकोले तालुक्यात एक आहे, जालना जिल्ह्यात गणपतीचं एक आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीला लागून असलेलं राजूर ओळखलं जातं ते कॉलरीमुळे आणि चुनाभट्ट्यांमुळे. जमिनीखाली कोळसा आणि जवळपास चुनखडी असल्यामुळे शेतीपलीकडचं काम या गावात फार आधीपासून आहे, आणि तिथे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं राहतात. म्हणूनच बारावीनंतर कॉलेजात घालवलेली वर्षं आणि पैसा वसूल होतो का, हा प्रश्न इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोकदार होतो. पुण्यात पदवी न घेता काय करायचं, हे मध्यमवर्गीय घराला सुचतच नाही. राजूरमध्ये मात्र पदवी नसलेला माणूस वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, कायम नोकरीला लागून पदवीधर शेजाऱ्यापेक्षा चांगलं कमावताना दिसतो, आणि पदवीधर शेजारी तिशीला आला तरी फॉर्म भरताना दिसतो. डोळ्यांसमोर असा पुरावा असताना बापाने पोराला वणीच्या कॉलेजात का पाठवावं?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा फी आणि पगार शेजारी-शेजारी मांडून दिलं जातं. माझ्या मते हिशेबाची मांडणीच तिथे चुकते. राजूरच्या मुलासाठी पदवी महाग नाही. महाग आहे ते पदवीनंतर वाट पाहणं, आणि तो खर्च आपण कॉलेजच्या खात्यावर लिहून मोकळे होतो.

आधी फीचं बघू. वणीत लोकमान्य टिळक महाविद्यालय आहे, ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. अनुदानित महाविद्यालयात कला, वाणिज्य किंवा विज्ञानाच्या पदवीची फी वर्षाला काही हजारांत भागते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी या प्रवर्गांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा फीमाफी आहे. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. एसटीच्या मासिक पासवर विद्यार्थ्याला साधारण दोन तृतीयांश सवलत मिळते. ही मदत हातात पडायला उशीर होतो, हे खरं. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधारला जोडलेलं बँक खातं, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज, आणि यातला एखादा कागद चुकला की अर्ज परत. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याचं अर्धं वर्ष त्यातच जातं. तरीही या सगळ्याची बेरीज केली, तर साध्या पदवीसाठी घराच्या खिशातून जाणारा रोख पैसा आटोक्यातला असतो. विनाअनुदानित अभियांत्रिकी किंवा फार्मसीचं गणित वेगळं आहे, त्याकडे पुढे येऊ.

मोठा खर्च वेळेचा आहे. तो मोजायला एखादं मोजमाप हवं. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. वर्षाला अडीचशे दिवस काम मिळालं असं धरू. प्रत्यक्षात रोहयोवर एवढे दिवस मिळत नाहीत, पण भट्टीवर, ट्रकवर, दुकानात मिळून तरुण माणूस तेवढे दिवस भरतो. म्हणजे वर्षाचे ७८,००० रुपये आणि पदवीच्या तीन वर्षांचे २ लाख ३४ हजार. ही रक्कम कुठल्याही पावतीवर नसते, पण घराने ती सोडलेली असते. आता पदवीनंतर पोरगा पाच वर्षं स्पर्धा परीक्षांच्या मागे राहिला, तर आणखी ३ लाख ९० हजार सुटले. शिकण्यापेक्षा वाट पाहण्याचं बिल दीडपटीहून मोठं झालं. तो पुण्यात किंवा नागपुरात खोली, मेस आणि अभ्यासिका करून राहिला, तर वरचा रोख खर्च वेगळाच.

या बदल्यात काय मिळतं, याचा एक गमतीदार सरकारी दरफलक उपलब्ध आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत उमेदवाराला कार्यालयात किंवा उद्योगात काही महिने काम शिकायला ठेवतात आणि विद्यावेतन देतात. बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधर-पदव्युत्तरला १०,००० रुपये. हे पगार नव्हेत, विद्यावेतन आहे, हे मान्य. पण सरकारने या कागदांची उतरंड लावताना त्यांच्यात किती अंतर धरलं, ते इथे उघड दिसतं. दहावीनंतर दोन वर्षं बारावी करणाऱ्यापेक्षा तीच दोन वर्षं आयटीआयत घालवणाऱ्याला २,००० रुपये जास्त. बारावीनंतर आणखी तीन वर्षं घालून पदवीधर झालेल्याला बारावीपेक्षा ४,००० जास्त, आणि आयटीआयवाल्यापेक्षा २,०००. महिना ४,००० च्या फरकातून २ लाख ३४ हजार भरून यायला जवळपास पाच वर्षं लागतात. आयटीआयवाल्याशी तुलना केली तर जवळपास दहा. आणि पाच वर्षांची वाट त्यात धरली, तर बारावीच्या तुलनेतही तेरा वर्षं. तेवीस-चोविसाव्या वर्षी काम सुरू केलेला पदवीधर तिशीच्या आत बरोबरीला येतो. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात करणारा चाळिशी ओलांडतो. पदवी तीच, विद्यापीठ तेच. फरक पडला तो मधल्या पाच वर्षांनी.

देशाची आकडेवारीही याच दिशेने बोट दाखवते, फक्त ती नीट वाचावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये काढलेल्या भारत रोजगार अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. हा आकडा वर्तमानपत्रांत आला तेव्हा ‘शिकाल तर बेकार व्हाल’ असा त्याचा अर्थ लावला गेला. तो चुकीचा आहे. बेरोजगार म्हणजे काम शोधत असलेला आणि काम नसलेला माणूस. ज्याच्या घरी उद्याचं पीठ नाही, त्याला काम शोधत बसायची चैन परवडत नाही. तो मिळेल ते करतो आणि आकडेवारीत रोजगारीत दिसतो. चुनाभट्टीवर दगड फोडणारा बेरोजगार नसतो. पदवीधराची बेकारी ही थोडीफार घराची ऐपत आणि थोडीफार त्याची अपेक्षा मोजते.

याहून जास्त बोलका आकडा बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात आहे. पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर, आणि पस्तीस व त्यापुढच्या पदवीधरांत ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे पदवीधर कायमचा बेकार राहत नाही. शेवटी तो कुठेतरी लागतो. प्रश्न असा की कुठे? काहींना मनासारखं काम मिळालेलं असतं आणि काहींनी नाद सोडून जे मिळेल ते धरलेलं असतं. एका टक्केवारीत हे दोघे एकत्रच मोजले जातात. पण एक गोष्ट दोघांना समान आहे: पंचविशी ते पस्तिशी हा पट्टा. माणूस सगळ्यात जास्त शिकतो, सगळ्यात जास्त राबू शकतो, नेमकी ती वर्षं तिथे जातात.

हा पट्टा इतका लांब का झाला? अमेरिकी अर्थशास्त्रात शिक्षणाकडे बघण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही इथे उपयोगी पडतात. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेली रीत सांगते की शिक्षणाने माणसाचं कौशल्य वाढतं, त्यामुळे त्याचं काम मोलाचं होतं आणि पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळा प्रश्न विचारला. समजा कॉलेजात कामाचं काहीच शिकवलं नाही, तरी पदवीला किंमत येऊ शकते का? त्यांचं उत्तर होतं, येऊ शकते. मालकाला समोरचा उमेदवार कसा आहे हे माहीत नसतं. ज्याच्यात चिकाटी आणि समज आहे त्याला पदवी मिळवणं सोपं जातं, इतरांना अवघड. म्हणून पदवी हा नुसता इशाराही चालतो. या कामासाठी स्पेन्स यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. पण इशाऱ्याची एक अडचण आहे. तो थोड्यांकडे असेल तोवरच चालतो. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झालं त्या काळात खेड्यात पदवीधर मोजके होते आणि पदवीवर शिक्षक, कारकून, बँकेतला माणूस होता येत असे. आजच्या बापांच्या पिढीने ते पाहिलं आणि त्यावरून आडाखे बांधले. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात अठरा ते तेवीस वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणात नाव घातलेल्यांचं प्रमाण ३५.३ टक्के होतं, देशाचं २८.४. दर तिघांत एकाहून अधिक जण कॉलेजात असताना पदवीने कोणीच उठून दिसत नाही.

मग ती नुसता प्रवेशाचा पास होते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदं होती, अर्ज दहा लाखांच्या वर आले. अर्जाची फी खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये. तलाठी व्हायला पदवी लागते, कुठलीही चालते. म्हणजे कॉलेजात तीन वर्षं काय शिकलात याच्याशी पदाचा काही संबंध नाही. २०२४ ची पोलीस भरती बघा: १७,४७१ पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज. शिपायाला पात्रता बारावीची, आणि रांगेत पदवीधर आणि अभियंते होते. पदवीने त्यांना त्या रांगेत पुढे ढकललं नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षं आहे. ग्रामीण मुलांना उशिरा संधी मिळते म्हणून ती वाढवली, हेतू चांगला होता; पण त्याने वाट पाहण्याची मुदतही वाढवून दिली. ‘अजून दोन अटेम्प्ट आहेत’ हे वाक्य अडतिसाव्या वर्षापर्यंत खरं राहतं.

राजूरच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे, तो वेकोलिचा. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स नागपूर मुख्यालय ठेवून स्थापन झाली आणि वणी परिसरात कायम नोकरी म्हणजे वेकोलि हे समीकरण बसलं. राष्ट्रीय कोळसा वेतन करारांमुळे साध्या मजुरालाही चांगला पगार, घर, दवाखाना मिळू लागला. सेवेत असताना कामगार वारला तर आश्रिताला नोकरी, आणि जमीन गेली तर वेकोलिची मूळ कंपनी असलेल्या कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणाप्रमाणे दोन एकराला एक नोकरी. या नोकऱ्यांत सातबारा चालतो, गुणपत्रिका चालत नाही. त्यामुळे गावात तरुण पोरांची मनातली किमान किंमत ठरून जाते: वेकोलिच्या मजुराला जे मिळतं त्याहून कमी पगाराच्या खाजगी नोकरीला पदवीधराने हात का लावायचा? त्याचं म्हणणं हट्टाचं वाटलं तरी तर्काला धरून आहे.

पण ती किंमत आता कोण देणार, हे पाहिलं पाहिजे. वीस वर्षांपूर्वी कोल इंडियात साडेचार लाखांहून अधिक कामगार होते. आता ते सव्वादोन लाखांच्या घरात आले आहेत. त्याच काळात उत्पादन तीनशे दशलक्ष टनांच्या आसपासवरून २०२३-२४ मध्ये ७७३ दशलक्ष टनांवर गेलं. भूमिगत खाणीतून खुल्या खाणीकडे जाणं, मोठी यंत्रं, आणि माती काढण्यापासून वाहतुकीपर्यंत ठेकेदाराकडे गेलेलं काम, ही त्याची कारणं. ठेकेदाराच्या डंपरवरच्या चालकाला वेकोलिचा वेतन स्तर लागत नाही. सातबाऱ्यावर मिळणारी नोकरी ज्या एका पिढीला मिळते, त्या पिढीची शेतीही त्याच व्यवहारात संपते. पुढच्या पिढीला देण्यासाठी दुसरे दोन एकर उरलेले नसतात.

खाणीत जी नोकरी अजून खुल्या स्पर्धेतून मिळते तिला वेगळे कागद लागतात. २०२१ मध्ये वेकोलिने २११ जागांची जाहिरात काढली: १६७ मायनिंग सरदार आणि ४४ सर्वेअर. सरदाराचं मूळ वेतन महिना ३१ हजारांच्या वर. त्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र हवं, किंवा खाणकामाच्या पदविकेसह ओव्हरमनचं प्रमाणपत्र. शिवाय गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं. गॅस टेस्टिंगचा अर्थ सोपा आहे: भूमिगत खाणीत मिथेन साठतो, तो हवेत ठराविक प्रमाणात मिसळला की ठिणगीने स्फोट होतो, आणि पाळी सुरू होण्याआधी तो तपासणं सरदाराचं काम असतं. या माणसाच्या कागदाची किंमत इशाऱ्याची नाही, त्यामागे येणाऱ्या कामाची आहे. आणि असं शिक्षण राजूरहून फार लांबही नाही. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात खाणकामाची पदविका आहे, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाण अभियांत्रिकीची पदवी आहे. कोळशाच्या उशाशी राहणाऱ्या गावातल्या किती मुलांना दहावीच्या निकालाच्या दिवशी हे कोणी सांगतं, हा प्रश्न मला फीच्या प्रश्नापेक्षा गंभीर वाटतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मग सगळ्यांनी आयटीआयच करावं, बीए-बीकॉमची भरताड कशाला? हा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुलं आयटीआयत क्वचित असतात, हे आधी नोंदवू. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तक्रार केली होती ती अशीच: महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि त्यावर उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांचं. फुल्यांची मागणी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी होती, पण त्यांच्या युक्तिवादाचा अर्थ ‘खालच्यांना कॉलेज नको’ असा कधीच नव्हता. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी करून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेजं काढली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, ते हाताला काम मिळण्यापुरतं नव्हे. कायदा, प्रशासन, अध्यापन, पत्रकारिता या जागा सहसा पदवीशिवाय मिळत नाहीत, आणि तिथे कोण बसतं यावर बाकीच्यांच्या आयुष्याचे निर्णय होतात. वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात कोलाम राहतात, सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत मोडतात. त्यांच्यातला एक मुलगा वकील झाला तर त्याचा परतावा त्याच्या पगारात मोजून संपत नाही.

शिवाय आयटीआय ही गुरुकिल्लीही नाही. जोडारी किंवा वीजतंत्री शिकलेल्याला काम मिळतं ते यंत्रं चालू असलेल्या कारखान्याजवळ. आणि पहिला पगार हे मोजमापच अपुरं आहे. चुनाभट्टीचं काम बघा. वरून चुनखडी आणि कोळशाचे थर टाकत जायचे, आत नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास दगड भाजला जातो, खालून कळीचा चुना काढायचा. धूळ डोळ्यात आणि फुप्फुसात जाते, घामाने ओल्या अंगाला चुना लागला की कातडी सोलते. विसाव्या वर्षी इथे जी मजुरी मिळते तीच, भाववाढीपुरती सोडली तर, पंचेचाळिसाव्या वर्षी मिळते. पुढे शरीर थकलं की तीही घटते. शिकलेल्या माणसाच्या कमाईचा आलेख उशिरा सुरू होतो पण बराच काळ चढत राहतो. जगभरच्या अभ्यासांची सरासरी धरली तर शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे कमाई साधारण नऊ टक्क्यांनी जास्त आढळते. या सरासरीत हुशार आणि बऱ्या घरची मुलं जास्त शिकतात हा भागही मिसळलेला आहे, त्यामुळे सगळं श्रेय कॉलेजला देऊ नये. तरी दिशा स्पष्ट आहे. पदवीचा फायदा लवकर नाही, उशिरा दिसतो, म्हणून तर सुरुवात उशिरा करणं इतकं महाग पडतं.

मुलींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दर पाचांत एकीहून अधिक. ज्या घरात मुलगी कॉलेजात जाते तिथे लग्नाची बोलणी तीन वर्षं पुढे ढकलली जातात, आणि त्या तीन वर्षांचा तिच्या आणि होणाऱ्या बाळाच्या तब्येतीला होणारा फायदा कुठल्याही विद्यावेतनात धरलेला नसतो. शिवाय तिच्यापुढे वेकोलिचा पर्याय व्यवहारात जवळपास नसतोच. जमिनीच्या बदल्यात मिळणारी नोकरी घरात बहुतेकदा मुलाच्या नावावर जाते. राजूरहून वणीला रोज एसटीने जाणं-येणं हेच तिच्यासाठी गावाबाहेरच्या जगाचं पहिलं दार असतं. तिच्या बाबतीत कॉलेज परवडतं का, हा प्रश्नच मला फार रेंगाळण्यासारखा वाटत नाही.

आता महागड्या शिक्षणाकडे. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं फोफावली आणि शेत विकून किंवा कर्ज काढून मुलाला अभियंता करण्याची चाल पडली. इथे फी मोठी असल्यामुळे वाट पाहण्याचं बिल आणखी फुगतं, कारण बँकेचं व्याज थांबत नाही. अशा ठिकाणी शाखेपेक्षा संस्था पाहणं महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वाट पाहणं हा पोरांचा दोष कसा? जाहिराती वेळेवर निघत नाहीत, परीक्षा पुढे जातात, निकाल न्यायालयात अडकतात. हे सगळं खरं आहे आणि दोष पोरांचा नाहीच. पण दोष कोणाचाही असला तरी खर्च त्याच घराचा होतो, म्हणून तो आधीच धरून चाललं पाहिजे. दोन वर्षं, तीन वर्षं, जी काय मुदत घराला पेलेल ती प्रवेश घेतानाच ठरवणं आणि पदवीच्या काळातच दुसरा काही कामाचा कागद मिळवणं, एवढं तरी घराच्या हातात असतं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी बाहेर पडायची दारं ठेवली आहेत. कागदावर सोय चांगली आहे, कारण अर्धवट सोडणाऱ्याच्या हाती पूर्वी काहीच राहत नसे. पण कला शाखेच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राला वणीच्या बाजारात कोण किती देईल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. तीन वर्षं पूर्ण करण्याला जी किंमत आहे तिचा मोठा भाग शेवटच्या वर्षात असतो; दोन वर्षं करून सोडणारा खर्च दोन तृतीयांश करतो आणि हाती फार थोडं घेऊन निघतो.

म्हणून कॉलेज निवडताना फीच्या फलकाआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पूर्णवेळ नेमणुकीचे शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? पहिल्या वर्षाला नाव घातलेल्यांपैकी शेवटच्या वर्षाला किती पास होतात? आणि पास झालेले पुढे जातात कुठे? ही माहिती गुप्त नाही. दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयांना शिक्षकसंख्या, उत्तीर्णांचं प्रमाण आणि नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्यांचा तपशील दर वर्षीच्या अहवालात द्यावा लागतो आणि तो अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तिथे तो असतोही, बहुतेक वेळा इंग्रजीत आणि पीडीएफच्या चाळिसाव्या पानाच्या पुढे कुठेतरी. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर, मराठीत, या तीन ओळी छापायला कोणत्याही कॉलेजला उद्यापासून अडचण नसावी.